झेलणारा धोंडीराम

आमच्या तलवाड्यात माणसं पाडायचं काम दोघंच करायचे. एक इलेक्शनवाले आणि दुसरा आमचा धोंडीतात्या. इलेक्शनवाले पाच वर्षांतून एकदा पाडतात, तात्या दर शुक्रवारी पाडायचा. आणि पाडून वर झेलायचाबी, ते काय इलेक्शनवाल्यांना आजवर जमलं न्हाई.

मी पप्पू. पप्पू साउंड सर्व्हिस. सप्त्याला मी, हळदीला मी, जयंतीला मी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी आणि शुक्रवारच्या चंगाई सभेलाबी मीच. कुणी इचारलं, पप्प्या, तुझा देव कोणता बे, तर मी म्हणतो, ज्याच्या मांडवात लाईट जात न्हाई तो. तवा मी जे सांगतोय ते काय भक्तीत येऊन सांगत न्हाई. राग मात्र हाय थोडा, तो मधून मधून निघंल, तेवढा सोसा.

चंगाई सभा ज्यांनी बघितली न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. शाळेमागच्या माळावर मांडव. दुखणेकरी पुढं. पास्टर आधी बोलतो, मंग ओरडतो, मंग रडतो, मंग सगळेच रडतात. मंग एकेक जण पुढं येतो, पास्टर त्याच्या कपाळावर हात ठेवतो, आणि माणूस धाडदिशी मागं पडतो. पवित्र आत्मा उतरला, असं म्हणायचं. आत्मा उतरला तरी टाळकं फुटू नये म्हणून मागं एक झेलणारा लागतो. तो धोंडीतात्या. बायांच्या मागं वनमाला उभी राहायची, तीबी दणकट बाई.

पास्टरचं नाव बेंजामिन. मूळचा बद्रीनाथ, परळीचा. आधी बीडला एका कोचिंग क्लासमधी गणित शिकवायचा आणि पोरं डाराडूर झोपायची. इथं एक माणूस झोपायचा न्हाई. त्याच्या खाणाखुणा मला पाठ. डावा हात छातीवर गेला की कीबोर्डची धून हळूच लावायची, उजवा हात वर गेला की इको वाढवायचा. इको वाढवला की 'येशू' हा शब्द मांडवभर घुमत राहायचा आणि बाया हुंदके द्यायला लागायच्या. मी इको कमी केला की त्याच बाया डोळे पुसून शेजारणीला इचारायच्या, आज कालवण काय केलतं गं? मी मशीनमागं बसून हे सगळं बगायचो आणि मनात म्हणायचो, वा रे पप्प्या, आत्मा तुझ्या चिमटीत हाय. पर एक सांगतो, पास्टर लबाड न्हाई. तो रडायचा ते खरं रडायचा. सभा संपल्यावर वायर गोळा करताना मी त्याला एकटाच गुडघ्यावर बसलेला बघितलाय, तवा तर माईकबी बंद असायचा.

तात्याचं घर मेंढरावाल्यांचं. बाप मेंढरं राखायचा, आजा मेंढरं राखायचा, तात्याबी तेच. त्याची घरवाली कडूबाई, आमी तिला काकू म्हणतो. पोरी लग्न होऊन गेल्यात, घरात ही दोघं आणि वाड्यात मेंढरं. तात्या आधी लई पेताड. मेंढरं संध्याकाळी आपआपली घरी यायची आणि काकू तात्याला हुडकायला जायची, अशी तऱ्हा. एकदा गेवराईकडं कुठंतरी सभा होती, काकूनं त्याला ओढत नेला. तिथं ह्याच पास्टरनं कपाळावर हात ठेवला, तात्या पडला, पोटभर रडला, आणि त्या दिवसापासून थेंब शिवला न्हाई. ह्यात काडीचं खोटं न्हाई. गावानं बघितलंय. हसणाऱ्यांनी हसावं, पर तात्याची दारू सुटली.

त्या उपकारापायी तात्या झेलणारा झाला. आता ऐका, गंमत इथं हाय. मेंढराची लोकर कातरायची तर आधी मेंढरू आडवं करावं लागतं. ताकद लावली तर ते बिथरतं. मेंढरावाला त्याला असा काय हात लावतो की मेंढराला वाटतं आपणच बसलो. तात्याचा हात ह्यात लई बसलेला. आमच्या गावच्या सभेत सुरुवातीला लोकं पडायचीच न्हाईत. नुसती उभी, डोळे मिटून, घामेघूम. मागं रांग खोळंबली, पास्टर दमला. तात्याला वाटलं, देवाच्या कामाला जरा हातभार लावावा. त्यानं अंगठा कमरेशी हलकाच दाबला आणि खांदा बोटभर आपल्याकडं घेतला. माणूस आडवा! मांडव हालेलुया! तवापासून तात्या सगळ्यांना तसाच घ्यायचा. वनमालालाबी त्यानंच शिकवलं. आपण लबाडी करतोय असं त्याच्या डोक्यातबी आलं न्हाई. मेंढरू सुखानं बसावं, तसं माणूस सुखानं पडावं, एवढाच त्याचा हिशोब.

मला ठाऊक होतं. मी बाजूनं बसायचो, मला सगळं दिसायचं. पर साउंडवाल्यानं तोंड कावून घालायचं?

मंग तो शुक्रवार आला. काकूला साखरेचा आजार. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची आणि खायची, चाललं होतं आपलं बरं. त्या दिवशी पास्टर अंगात आल्यावानी ओरडला, "आज प्रभू साखर मोडणार! ज्याला साखर हाय त्यानं पुढं यावं!" काकू पुढं गेली. वनमाला नेमकी माहेरी गेलती. पास्टर म्हणला, "धोंडीराम, तुझीच बायको हाय, तूच उभा राहा मागं." तात्या उभा राहिला. पास्टरचा हात कपाळावर, तात्याचा अंगठा कमरेशी. सवयीचा हात, दुसरं काय. काकू अलगद मागं आली आणि तात्याच्या हातात पडली. पास्टर माईकमधी गरजला, "साखर गेली! मुळासकट गेली!" मी इको पार टोकाला नेला. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी काकूनं गोळ्या कोनाड्यात ठेवून दिल्या. पुढच्या शुक्रवारी तिनं साक्ष दिली, म्हणजे माईकवर उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं. "माझी साखर प्रभूनं नेली." टाळ्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारीबी टाळ्या. इकडं काकू सारखी पाणी पीत होती, चार पावलं चालली की बसत होती. तात्याला ते दिसत होतं. त्याला ठाऊक होतं की त्या दिवशी आत्मा उतरला का न्हाई ते देव जाणे, पर अंगठा त्याचा उतरला होता. आता बायकोला सांगावं तर तिचा ईश्वास मोडतो, न सांगावं तर बायकोच हातची जाते. गडी वाळत चालला.

तो आधी पास्टरकडं गेला. मी तिथंच वायरी गुंडाळत होतो. "पास्टरजी, माणूस पडतो तो कुणामुळं?"

"पवित्र आत्म्यामुळं."

"आणि मागच्यानं हात लावला तर?"

पास्टरला त्याचं बोलणं कळलंच न्हाई. त्याला वाटलं, ह्याचं मन ढळतंय. त्यानं तात्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणला, "शंका आली की आणखी मोठ्यानं स्तुती कर." तात्या बिचारा पुढच्या सभेत एवढ्या मोठ्यानं हालेलुया ओरडला की स्टेजवरचे माईक किंचाळायला लागले. घसा बसला आणि शंका काय हालली न्हाई.

एक दिवस मी बीडला ॲम्प्लिफायर दुरुस्तीला चाललो होतो, तर तात्या टेम्पोत येऊन बसला. म्हणला, "मलाबी घेऊन चल. तिथं जुनं चर्च हाय म्हणे."

"तिथं काय करणार तात्या? तिथं तर कीबोर्डबी न्हाई."

"म्हणूनच चाललोय," तो म्हणला. "पप्प्या, ह्यातून माझा अंगठा काढला, तुझा इको काढला, तर देव किती उरतो रे? तेवढं मला बघायचंय. आणि माझी दारू सुटली तवा माझ्या मागं कोण उभा होता, त्यानंबी अंगठा लावला का काय, ह्याची धास्ती घेतलीय मी."

मी टेम्पो चालू केला.

ते चर्च म्हणजे बसस्टँडच्या गर्दीपलीकडं एक बैठी इमारत. आत म्हातारी-कोतारी माणसं, संथ गाणी. सांगायला लाज कशाची, मी झोपलो. तात्याबी पेंगला. उपासना संपल्यावर शांतवन मास्तर म्हणून एक म्हातारे भेटले. रिटायर शिक्षक, कानाला मशीन. तात्यानं त्यांना सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मास्तर हसले न्हाईत, चिडलेबी न्हाईत. मलाच चुळबूळ झाली. एवढं ऐकून माणसानं निदान डोक्याला तरी हात लावावा!

तात्यानं इचारलं, "मास्तर, शास्त्रात येशू माणसं पाडतो कुठं? मला तेवढी जागा दाखवा."

मास्तरांनी चष्मा लावला, पानं उलटली, आणि लई वेळानं बोट ठेवलं. "हे बघ. येशूला धरायला शिपाई आले, तेव्हा ते मागं पडले. धरायला आलेले."

"आणि दुखणेकरी?"

"दुखणेकऱ्यांना तो ऊठ म्हणतो. त्याच्या शिष्याची, पेत्राची सासू तापानं पडली होती, तिला हात धरून उठवली. खाटेवरच्याला ऊठ म्हणाला. मेलेल्या पोरीला ऊठ म्हणाला. पाडलेलं मला तरी आठवत नाही."

तात्यानं त्या ओळीवर आपलंबी बोट ठेवून बघितलं. मंग म्हणला, "आणि माझी दारू?"

"पाडलं कुणी ते मला काय माहीत? सकाळी न पिता उठतोस ना?"

"उठतो."

"रोज?"

"रोज."

"मग त्या उठण्याकडं बघ की," मास्तर म्हणले आणि चहा सांगायला गेले.

आता तुमाला वाटंल की तात्या घरी येऊन लगेच काकूला बोलला असंल. कुठलं काय! परतीच्या वाटेवर गेवराईपर्यंत 'आज सांगतो' म्हणला, गावात आल्यावर 'उद्या सांगतो' म्हणला, आणि 'उद्या'चे लई दिवस झाले. मेंढराचा पाय लंगडला तर हा रानात बसून काटा काढणारा माणूस, पर घरच्या माणसाच्या तोंडाकडं बघायला घाबरत होता. कावून, तर बघितलं की बोलावं लागंल. मला त्याचा संताप यायचा. वाटायचं, धरून हलवावा.

शेवटी मी शुक्रवारची वेळ सांगायच्या निमित्तानं सकाळीच त्यांच्या वाड्यावर गेलो. काकूनं चहा दिला. मी बाजेवर बसलतो, तात्या खाली बसून एका मेंढीचा खूर साफ करत होता. काकू लंगडत आत चालली. पायाला चिंधी बांधलेली. मी म्हणलं, "काकू, काय झालं?"

"काय न्हाई रं, बाभळीचा काटा मोडलाय. दुखत बी न्हाई."

दुखत न्हाई म्हणल्यावर तात्याचे हात थांबले. मेंढरावाल्याला हे कळतं, काटा मोडल्यावर न दुखणारा पाय चांगला न्हाई. त्यानं मेंढी सोडून दिली, उठला, काकूला धरून बाजेवर बसवली आणि चिंधी सोडली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. वास सुटला होता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तात्या तिथंच मटकन बसला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन सगळं भडाभडा बोलला. "कडू, तू त्या दिशी आत्म्यानं पडली न्हाईस. मी अंगठा लावलाता. मी ओढली तुला. तुझी साखर कुठं गेली न्हाई, तुझ्या अंगातच हाय. मला माफ कर, अगं."

मला वाटलं, आता ही बाई ऊर बडवून घेती. तर काकू शांत. म्हणली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तुमचा हात मला कळत न्हाई व्हय? काल आले का मी ह्या घरात? इतकी वर्सं तुमी मेंढरं पाडता, मी लोकर गोळा करती. अंगठा टेकला तवाच कळलं."

"मंग पडलीस कावून?"

"न पडते तर लोकं म्हणले असते, झेलणाऱ्याच्याच बायकोला आत्मा शिवत न्हाई. तुमाला ते लागलं असतं." तिनं सुटलेली चिंधी गोळा केली. "आणि गोळी खाताना तुमी बघितलं असतं, तर तुमचा ईश्वास मोडला असता. ईश्वास मोडला की तुमी परत गुत्त्यावर. मला दारूडा नवरा नको होता. त्याच्यापरीस साखर परवडली."

म्हणजे बघा! हा तिचा ईश्वास मोडू नये म्हणून गप्प, ती ह्याचा ईश्वास मोडू नये म्हणून गप्प, आणि दोघांच्या मधी एक पाय सडतोय. मी उठलो आणि ओरडलो, "अरं येड्यांनो, देवाला तरी इचारायचं होतं की त्याला काय पाहिजे हाय!" मोठ्या माणसांशी असं बोलू नये, पर तोंडातून गेलं. दोघं माझ्याकडं बघायला लागली आणि मंग काकू हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तात्याबी. कीबोर्ड न्हाई, काय न्हाई. मेंढरं आपली रवंथ करत होती.

काकूला मी टेम्पोतच बीडला नेली, स्पीकरच्या दोन पेट्यांच्या मधी गादी टाकून. वाटेत तात्यानं प्रार्थना केली. मी पुढून ऐकत होतो. ओरडला न्हाई. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणला, "देवा, तुझ्या नावावर मी बायकोला पाडली. आता तू हिला उभी कर. पाय गेला तरी मी पिणार न्हाई, तेवढं मला जमंल असं वाटतं. न जमलं तर धर." आमेनबी हळूच म्हणला. बोट काढावं लागलं, पाय वाचला. गोळ्या सुरू झाल्या. तात्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहायचा आणि शांतवन मास्तर रोज येऊन त्याला थोडं थोडं वाचून दाखवायचे.

काकू घरी आल्यावर पास्टर भेटायला गेला. रडला, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणला, शुक्रवारी या, प्रभू अजून बरं करंल. काकू म्हणली, येते.

त्या शुक्रवारी मांडव भरलेला. काकू काठी टेकत पुढं आली. मागं वनमाला सरसावली, तर तात्या म्हणला, "सरक, मी हाय." पास्टरचा उजवा हात वर गेला, मी इको वाढवला. पास्टरनं तिच्या कपाळावर हात ठेवला. काकू पडली न्हाई. त्यानं परत हात टेकवला, जरा जोरात. काकू हलली, पर पडली न्हाई. आता मला बाजूनं दिसत होतं. तात्याचे दोन्ही तळवे तिच्या पाठीला होते आणि आज तो ओढत नव्हता, उलटा रेटत होता. पास्टर पुढून, तात्या मागून, आणि मधी काकू उभीच्या उभी.

मांडवात कुजबूज सुरू झाली. काकूनं पास्टरच्या हातातला माईक घेतला. म्हणली, "मला साखर हाय. गेली न्हाई. गोळ्या चालू हायेत. मी गोळ्या सोडल्या, माझं बोट गेलं." हाय हाय हाय, बोट गेलं गेलं गेलं, असं मांडवभर घुमायला लागलं. पास्टरनं माझ्याकडं बघून डावा हात छातीवर नेला, म्हणजे कीबोर्ड लाव. मी कीबोर्ड न्हाई लावला. मी इको बंद केला. पार शून्य.

काकूचा साधा आवाज आला, चुलीपाशी बोलते तसा. "देव हाय. तो मला दवाखान्यात बी होता. ज्यानं ज्यानं गोळ्या सोडल्यात त्यानं उद्या दवाखान्यात जावं. देव गोळीला भेत न्हाई."

कुणी हालेलुया म्हणलं न्हाई. पास्टर तात्याकडं वळला. माईक चालूच होता, त्यामुळं सगळ्या मांडवाला ऐकू आलं. "धोंडीराम, ही पडली कशी न्हाई रे?"

"आज मी ओढली न्हाई, पास्टरजी."

"म्हणजे? तू ओढायचास?"

"व्हय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मला वाटायचं तुमाला ठाऊक हाय."

मागून वनमाला म्हणली, "मीबी ओढते, पास्टरजी. तात्यानंच शिकवलं."

देवाशप्पथ सांगतो, त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. गणिताचा मास्तर, आणि एवढं साधं त्याला कळलं नव्हतं. आपल्या हातातून देव वाहतो असं तो खरंच समजून चालला होता. त्याचं तोंड पांढरं पडलं आणि तो स्टेजवर धाडदिशी खाली बसला. झेलायला त्याच्या मागं कुणी नव्हतं. मांडवातलं माणूसन् माणूस बघत होतं, आणि हसायची कुणाची टाप झाली न्हाई. माझीबी न्हाई.

तात्यानं काकूला खुर्चीवर बसवली. मंग तो पास्टरपाशी गेला, वाकला, त्याच्या काखेत हात घातला, मेंढरं उचलतो तसा न्हाई, माणूस उचलतो तसा, आणि म्हणला, "उठा पास्टरजी. बसून भागायचं न्हाई. लोकांना घरी न्यायचंय."

पास्टर उठला. लोकं हळूहळू उठली. कोण कुणाला धरून चाललं होतं. मी मशीनमागं तोंड फिरवून बसलो. त्या मांडवात इको बंद असताना रडलेला पहिला माणूस मीच असंन.